36 कोर आणि राबणारा एकटाच

गेल्या वर्षीच्या चवथीची गोष्ट. पहिल्याच दिवशी संध्याकाळी आरती आटपून मी गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून दुसरी नेवरी तोंडात घातली आणि फोन वाजायला लागला. नेट स्लो आहे. मग दुसरा, तिसरा, मग ज्याला मी कधी नंबर दिलाच नव्हता अशा माणसाचा. गोव्यातल्या डिचोली-साखळी पट्ट्यात आमचं छोटं ब्रॉडबँडचं नेटवर्क आहे, अडीच हजारांच्या आसपास कनेक्शन, मालकाला आम्ही सगळे पात्रांव म्हणतो, आणि तांत्रिक बाजू म्हणजे मी आणि दोन पोरं. चवथीला गावातली बंद घरं उघडतात, मुंबई-पुण्याचे सगळे आलेले असतात, एकेका घरात पंधरा-वीस माणसं आणि तितकेच मोबाईल, आरती झाली की सगळ्यांना एकदम दुबई-कुवेतच्या भावाला व्हिडिओ कॉलवर गणपती दाखवायचा असतो. वर्षाची खरी परीक्षा तीच, आयपीएलची फायनल वगैरे त्याच्यापुढे काही नाही.

लॅपटॉप उघडून 36 कोरचा, म्हणजे एका चिपवर 36 छोटे प्रोसेसर असलेला, आमचा मायक्रोटिक कंपनीचा राऊटर बघितला तर सीपीयू 9 टक्के. नऊ! म्हणजे मशीन झोपलंय. पण दहा गिगाच्या, म्हणजे सेकंदाला दहा गिगाबिटच्या, पोर्टवर ट्रॅफिक साडेतीन गिगाला येऊन चिकटलेला, वर जाईचना, ग्राफ वरून विळ्याने कापल्यासारखा सपाट. मी काय केलं, वरच्या प्रोव्हायडरला फोन लावला आणि तिथल्या बिचाऱ्या पोराला सणाच्या दिवशी झापला, की तुम्ही आमची लाईन आवळलीय. त्याने शांतपणे सांगितलं की आमच्या बाजूने पूर्ण मोकळी आहे, एकदा तुमचं बघा. तासभर असा गेला. मग विनबॉक्समध्ये, म्हणजे मायक्रोटिकच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये, सिस्टीम, रिसोर्सेस, आणि तिथे सीपीयूचं बटण, जे मी दोन वर्षांत उघडलं नव्हतं. 36 ओळींची यादी आली. पस्तीस कोर पाच-सात टक्क्यांवर रेंगाळतायत आणि एकटा सतरा नंबर, 100.

आता हिशोब करा. 36 मधला एक कोर पूर्ण भरला तर एकूण सीपीयूत त्याचा वाटा येतो 3 टक्क्यांपेक्षाही कमी. म्हणजे डॅशबोर्डवरचा तो एकूण आकडा अशा वेळी धडधडीत फसवतो, घर जळत असताना तो म्हणतो थोडं उकडतंय.

टूल्समध्ये प्रोफाईल चालवलं, त्या कोरवर काय चाललंय तर क्यूइंग, ग्राहकाच्या स्पीडप्रमाणे पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, रांगेत लावून सोडणं. आणि तो माझाच प्रताप होता, राऊटरची काही चूक नाही. चारशे ग्राहक होते तेव्हा मी सगळ्या पॅकेजची स्पीड लिमिट एका क्यू ट्रीमध्ये, रांगांच्या झाडात, बांधली होती, मँगल नावाच्या नियमांनी पॅकेटवर खुणा करायच्या आणि ग्लोबल नावाच्या एका खोडाला सगळ्या फांद्या. दिसायला झकास, झाड उघडलं की कोण किती खातो सगळं एका जागी. पण ते झाड सगळं एक, त्याचा हिशोब एकाच ठिकाणी ठेवावा लागतो, त्यामुळे कितीही कोर असले तरी प्रत्येकाला त्या एकाच वहीसाठी थांबावं लागतं.

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीसाठी थांबलाय ना कधी? समजा एकदम 36 फेरीबोटी आणून उभ्या केल्या, पण रॅम्प एकच आणि दोरी सोडणारा माणूस एकच. बोटी रिकाम्या डुलत राहणार आणि लाईन मागे हायवेपर्यंत.

रात्री एक वाजता मी ते झाड तोडलं. पीपीपीओईने, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन, जोडणाऱ्या प्रत्येक युजरच्या प्रोफाईलमध्येच रेट लिमिट टाकली, म्हणजे माणूस लॉगिन झाला की त्याच्या नावाची वेगळी सिंपल क्यू आपोआप तयार होते, कुणाच्या खाली नाही, स्वतंत्र. अशा क्यू वेगवेगळ्या कोरवर वाटल्या जातात, फक्त त्या भरपूर पाहिजेत आणि एका पालक क्यूखाली सगळ्या कोंबायच्या नाहीत, नाहीतर पुन्हा तेच झाड. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रॅफिक पाच गिगाच्या वर गेला, सगळे कोर वीस-पंचवीस टक्क्यांवर, एखादा तीसवर. फोन आले, पण गणपती बघायला ये म्हणून.

तेव्हापासून मला या मल्टीकोर प्रकरणाचा नाद लागला. कारण आपण राऊटर घेताना बघतो काय, तर किती कोर, किती गिगा आणि किंमत. माहितीपत्रकावर मोठ्ठा आकडा असतो मिलियन पॅकेट पर सेकंद, आणि तो आकडा खोटा नसतो हे आधी सांगतो, पण तो कुठून येतो ते बघा. इथरनेटची सगळ्यात छोटी फ्रेम, म्हणजे तारेवरचं पॅकेट, 64 बाईटची, तिच्या आगेमागे तारेवर अजून 20 बाईट जातात, प्रीअँबल, म्हणजे सुरुवातीची खूण, आणि दोन फ्रेममधलं अंतर धरून. झाले 84. म्हणजे एक गिगाच्या पोर्टवर सेकंदाला जास्तीत जास्त 14 लाख 88 हजार पॅकेट, दहा गिगावर एक कोटी 48 लाख 80 हजार. आता मायक्रोटिकचा सीसीआर 1072 घ्या, 72 कोरचा, आठ एसएफपी प्लस, म्हणजे दहा गिगाचे, पोर्ट, दावा 120 मिलियन पॅकेटचा. आठ गुणिले 14.88 करा, 119 येतात. म्हणजे तो आकडा सांगतो काय, की सगळे पोर्ट छोट्या पॅकेटनी ठासून भरले तरी डबा नुसतं इकडचं तिकडे ढकलू शकतो. फास्टपाथमध्ये, म्हणजे मधली सगळी तपासणी वगळून. नको ते अडवणारी फायरवॉल नाही, एका पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवणारं नॅट नाही, क्यू नाही, पीपीपीओई नाही. आणि आमच्यासारख्याच्या राऊटरमध्ये नेमकं तेच सगळं असतं, नुसतं ढकलायला पाठवलेलं पॅकेट आमच्याकडे एकही नाही.

एका पॅकेटला किती वेळ मिळतो तेही मजेशीर आहे. दहा गिगा पूर्ण वेगात, छोटी पॅकेट, तर दोन पॅकेटमध्ये 67 नॅनोसेकंद. 1.2 गिगाहर्ट्झच्या कोरला तेवढ्यात मिळतात 80 ठोके. एकदा रॅमपर्यंत जाऊन काहीतरी बघून यायचं म्हटलं तरी साधारण तेवढा वेळ जातो, मग फायरवॉलचे वीस नियम वाचणार कधी. म्हणून 36 कोर, काम वाटून घेतलं की प्रत्येकाच्या वाट्याला एका पॅकेटमागे 2.4 मायक्रोसेकंद येतात, मग जरा श्वास घेता येतो. नशिबाने खरं ट्रॅफिक असं नसतं, व्हिडिओची पॅकेट 1500 बाईटच्या आसपास, आमची सरासरी आठशे-नऊशेच्या घरात. म्हणजे पाच गिगाला जेमतेम सात लाख पॅकेट. त्यामुळे माहितीपत्रकातला मधला रकाना बघायचा, 512 बाईटचा, आणि तोही '25 फिल्टर रूल्स' किंवा '25 सिंपल क्यू' असं लिहिलेल्या ओळीतला. मायक्रोटिक हे तक्ते उघडपणे देते हे चांगलं आहे, बऱ्याच ठिकाणी तर एकच आकडा तोंडावर फेकतात.

या जुन्या 36 आणि 72 कोरच्या चिपची कहाणी थोडी दुःखी आहे. ती टिलेरा कंपनीची. आयआयटी मद्रासमधून शिकून एमआयटीत प्राध्यापक झालेले अनंत अगरवाल, त्यांनी 2004 मध्ये काढलेली, कल्पना अशी की एकाच चिपवर फरशीसारखे छोटे छोटे कोर मांडायचे आणि मधून रस्त्यांची जाळी. मायक्रोटिकने त्याच फरश्या घेऊन सीसीआर बनवले आणि आमच्यासारख्या गरीब प्रोव्हायडरांच्या रॅकमध्ये पहिल्यांदा मोठ्या घरचं मशीन आलं. मग 2014 मध्ये टिलेरा ईझीचिपने घेतली, ईझीचिप 2016 मध्ये मेलानॉक्सने, मेलानॉक्स 2020 मध्ये एनव्हिडियाने. पोर्तुगीज काळातलं घर हातोहात विकलं जातं आणि शेवटच्या मालकाला माडीवरची खोली आहे हेही माहीत नसतं, तसं. 2018 मध्ये लिनक्सच्या कर्नलमधूनही, म्हणजे गाभ्यातूनही, या टाईल चिपचा सपोर्ट काढला. डबे अजून धावतायत, आमचाही धावतो, पण पुढे त्या घराण्यात नवीन कोणी जन्मणार नाही.

दुसरा घोळ जो क्यू सुधारूनही सुटत नाही, तो म्हणजे एकच मोठं कनेक्शन. आमचा एक ग्राहक आहे, मुंबईहून आलाय, मये तळ्याच्या बाजूला घर घेऊन तिथूनच नोकरी करतो, बागेत मोर येतात म्हणून फोटो पाठवतो. त्याने गिगाचं पॅकेज घेतलं. स्पीडटेस्ट पूर्ण दाखवते पण ऑफिसचा व्हीपीएन लावला की अर्धं पण नाही. त्याचं म्हणणं तुम्ही व्हीपीएन दाबता. अहो आम्ही कशाला दाबू. स्पीडटेस्ट एका वेळी अनेक कनेक्शन उघडते, ती वेगवेगळ्या कोरवर जातात. व्हीपीएनचा बोगदा म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला एकच कनेक्शन, आत त्याचं अख्खं ऑफिस असलं तरी. आणि एका कनेक्शनची पॅकेट राऊटर मुद्दाम एकाच कोरकडे देतो, कारण दोघांत वाटली तर मागचं पुढे पोचेल, पुढचं मागे, आणि डेटा नीट पोचतो का ते बघणारी टीसीपी समजेल की वाटेत हरवलं. वऱ्हाड फेरीने चाललंय, नवरा एका बोटीत आणि भटजी दुसऱ्या बोटीत असं करून चालत नाही, सगळे एकाच बोटीत. मग ती बोट जेवढी जोरात तेवढाच त्यांचा वेग. ती संध्याकाळच्या गर्दीत आधीच भरलेली असली तर अजूनच कमी. त्याला मी हे फेरीचं सांगितलं तर पटलं त्याला, पॅकेज मात्र कमी करून घेतलं.

तर अशा कामाला कोर किती यापेक्षा एकेक कोर किती दमदार हे महत्त्वाचं. म्हणून यंदा नवीन राऊटर घ्यायचं ठरलं तेव्हा मी सीसीआर 2116 म्हटलं. 16 कोर, 2 गिगाहर्ट्झचे एआरएम, 16 जीबी रॅम. चिप अन्नपूर्णा लॅब्सची, इस्रायलची कंपनी, 2015 मध्ये ॲमेझॉनने घेतली. नाव बघून आमची आई म्हणाली हे बरं आहे, निदान देवीचं नाव आहे. पात्रांवनी कोटेशन हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला.

"पयशे चड आनी कोर उणे? हो कसलो हिशोब रे?"

पैसे जास्त आणि कोर कमी, हेच त्यांना पटेना. मी म्हटलं पात्रांव, खाणीवर 36 पोरं पाठवायची की 16 गडी. एकेक दगड उचलायचा तर गडीच लागतो. ते म्हणाले खाणी कित्येक वर्षं बंद पडल्या होत्या, तू खाणीचं उदाहरण देऊ नको, आणि सही केली.

मग पोर्टांचा विषय, आणि खरं सांगू, पैसे तिथेच वाया जातात. जुन्या डब्यात आठ तांब्याचे गिगा पोर्ट आणि दोन एसएफपी प्लस होते. त्या आठांतले सहा आयुष्यभर रिकामे, त्यांच्यात पालीनी अंडी घातली असती तरी कळलं नसतं. आणि दोन एसएफपी प्लस, त्यातला एक वर जाणारा, एक खाली स्विचकडे. दुसरा प्रोव्हायडर घ्यायचा म्हटलं तर लावणार कुठे? 2116 ला तांब्याचे बारा आणि एसएफपी प्लस चार. चार आम्हाला पुरतात, दोन वर, दोन खाली जोडून. सीसीआर 2004 मध्ये दहा गिगाचे बारा पोर्ट आणि वर 25 गिगाचे दोन, पोर्ट बघितले तर मन भरतं, पण मागे कोर चारच, 1.7 गिगाहर्ट्झचे. नुसतं राऊटिंग असेल तर मस्त, अडीच हजार पीपीपीओई आणि तेवढ्याच क्यू त्याच्या डोक्यावर मी तरी देणार नाही. आणि सगळ्यात वर 2216, बारा पोर्ट 25 गिगाचे, दोन 100 गिगाचे, कोर मात्र 2116 सारखे सोळाच. इथेच लोक फसतात. पोर्ट इतके मोठे झाले म्हणजे सीपीयू पण तितका मोठा असेल असं वाटतं, पण तिथलं राऊटिंग स्विच चिप करते, सीपीयू नाही, आणि चिपला ठराविक कामंच येतात. साधं राऊटिंग येतं. नॅट येतं पण काही हजार कनेक्शनपुरतं, आमच्याकडे संध्याकाळी लाखांत कनेक्शन असतात. पीपीपीओई येत नाही, क्यू येत नाही. म्हणजे आमचं ट्रॅफिक शेवटी सोळा कोरच्याच दारात, मग 100 गिगाच्या पोर्टला डिचोलीत करायचं काय, उदबत्ती लावायची?

हे फक्त स्वस्त डब्यांचंच असतं असंही नाही. ज्युनिपरचा एमएक्स 204 घ्या, चांगला नावाजलेला राऊटर, पुढे 100 गिगाचे चार पोर्ट आणि दहा गिगाचे आठ. बेरीज 480, आतली ताकद 400. चारही पोर्ट 100 गिगाला लावले की दहा गिगाचे आठही पोर्ट बंद. दिसणारी भोकं आणि चालणारी भोकं वेगळी असतात, म्हणून मी आता कुठलाही डबा घेताना ब्लॉक डायग्राम आधी बघतो, कुठला पोर्ट कुठल्या चिपवर, चिपकडून सीपीयूकडे केवढा रस्ता.

तांब्याच्या मॉड्यूलबद्दल, म्हणजे पोर्टच्या भोकात बसणाऱ्या तुकड्याबद्दल, एक. एसएफपी प्लसच्या भोकात आरजे 45 चा, म्हणजे साध्या तांब्याच्या नेट केबलचा, दहा गिगाचा मॉड्यूल बसतो, बसतो म्हणून बसवू नका. अडीच वॅटच्या आसपास खातो, बोट लावलं तर चटका बसतो, आणि साधारण 30 मीटरच जातो. आमची रॅकची खोली म्हणजे मंगलोरी कौलांच्या घराची मागची पडवी, मे महिन्यात एसी असून नसल्यासारखा. एकाला एक लागून दोन लावले तर दोन्ही नाचायला लागतात. रॅकमधल्या रॅकमध्ये जोडायचं तर डॅक केबल, दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडूनच येणारी, घ्या, गार राहते आणि बिघडायला आत काही नसतंच फारसं. आणि 25 च्या भोकात दहाचा मॉड्यूल चालतो, दहाच्या भोकात 25 चा नाही. 25 वर लिंक येत नसली तर दोन्ही बाजूंचं एफईसी, म्हणजे चुका दुरुस्त करायची पद्धत, एकच आहे का बघा, केबलला शिव्या नंतर द्या.

नवीन राऊटर जूनमध्ये लावला, दोन दिवस बरा, तिसऱ्या दिवशी वरच्या पोर्टवर एरर. थोडे थोडे, पण सतत. पोरं म्हणाली राऊटरच खराब. मी एसएफपीची माहिती उघडली, येणारा प्रकाश उणे 13.8 डीबीएम, या मापात उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश मंद. दहा किलोमीटरवाल्या एलआर मॉड्यूलची मर्यादा उणे 14.4, म्हणजे कड्याच्या टोकावर उभा. आधी तोच धागा उणे 6 देत होता. पॅचकॉर्ड, म्हणजे फायबरची छोटी जोडकेबल, काढून छोट्या मायक्रोस्कोपखाली धरली तर मधोमध, अगदी फायबरच्या कोरच्या, म्हणजे प्रकाश जातो त्या गाभ्याच्या, काठावर, तांबडा ठिपका. आमची धूळ! खनिजाचे ट्रक जाऊन जाऊन या भागात रस्त्याकडेच्या झाडांची पानंसुद्धा तांबडी होती, ती कुठे कुठे शिरून बसलीय देव जाणे, त्यात पावसाळी दमट हवा, धूळ नुसती बसत नाही, चिकटते. क्लीनर पेन दोनदा टकटक केलं, परत बघितलं, स्वच्छ. लावला, उणे 6.1. एरर शून्य. लाखाच्या वर पैसे मोजलेल्या डब्याला डोळ्याला न दिसणाऱ्या मातीने धरलं होतं. त्या दिवशी सगळ्या रिकाम्या पोर्टांना टोप्या घातल्या, आणि पोरांना सांगितलं की टोपी खिशात टाकून घरी नेलेली चालणार नाही. आणखी एक, फायबरचं हिरवं टोक निळ्यात घालू नका, हिरव्याचा चेहरा आठ अंशात तिरका असतो, दोघं कधीच नीट गालाला गाल लावत नाहीत.

सध्या डबा बरा चाललाय. संध्याकाळी सहा गिगा, सोळा कोर चाळीसच्या आसपास, सगळे जवळजवळ सारखे, मी आता एकूण आकडा बघतच नाही, सोळा ओळी बघतो. बीजीपीचं पूर्ण टेबल, म्हणजे सगळ्या इंटरनेटच्या रस्त्यांची यादी, घेतलेलं नाही, त्यात आता दहा लाखांच्या घरात रूट आहेत आणि एकच प्रोव्हायडर असताना ते सगळे पाठ करून करणार काय, डिफॉल्ट रूट पुरतो. दुसरा प्रोव्हायडर आला की बघू.

तो येणार आहे चवथीच्या आधी, तसं ठरलंय. त्यांची फायबर एकाच धाग्यावरची, बायडाय, म्हणजे एकाच धाग्यावर पाठवणारा आणि घेणारा, मॉड्यूल लागतो, एका टोकाला 1270 नॅनोमीटरचा प्रकाश पाठवणारा आणि दुसऱ्या टोकाला 1330 पाठवणारा. मागवली होती जोडी. पुरवठादाराने दोन्ही 1270 चेच पाठवले, खोका उघडून दोन निळ्या क्लिपा बघितल्या तेव्हाच पोटात गोळा आला. दोघं एकाच सुरात ओरडणार, ऐकणार कोण. बदली मॉड्यूल तीन दिवसांपूर्वी निघालाय म्हणतात. कुरिअरच्या साईटवर अजून बेळगाव दाखवतंय.